दुखणं म्हणजे मोडणं नव्हे

रामीबाईची कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा तिची सून निता अजून शाळेत जात होती. त्यानंतर नऊ वर्षं ती दुखतच राहिली. शेलूबाजारच्या डॉक्टरच्या सुया झाल्या, वाशीमला जाऊन कमरेचा फोटो काढून झाला, एका म्हाताऱ्यानं विळा तापवून डागही दिला. बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात बाईची कंबर दुखते यात कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर यायचा, नवरा-बायको जोडीनं ऊस तोडायला सांगलीकडे जायचे. तिथं बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची, दिवसातून साठ-सत्तर वेळा. उन्हाळ्यात सगळ्याजणी परत यायच्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

त्या वर्षी मात्र रामीबाईनं जायचं नाही असं घरात ठरत आलं होतं. तिला सकाळी खाटेवरून उठायला नवऱ्याचा, लखमाचा, हात लागत होता. खाली बसून भाकरी थापणं दोन वर्षांपासून बंद होतं. एकट्या माणसाला ऊसतोडीच्या टोळीत कोणी घेत नाही, जोडीच लागते. तेव्हा लखमाही थांबणार होता. आपल्या तीन एकरांत सोयाबीन आणि तूर, आणि बाकी दिवस लोकांच्या वावरात मजुरी, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

जुलैत धम्मदीपा तांड्यावर आली. ती आसेगावची, सत्तावीस वर्षांची, अकोल्याला फिजिओथेरपी शिकलेली. पुण्याच्या एका संस्थेनं कंबरदुखीच्या उपचारांवर संशोधन सुरू केलं होतं आणि आसपासच्या बारा गावांचं काम तिच्याकडे होतं. जुनाट कंबरदुखीची तीनशे माणसं घ्यायची. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या आणि एक पत्रक द्यायचं. निम्म्यांना आठ आठवडे व्यायाम शिकवायचा आणि त्यांच्या मनातली दुखण्याची भीती काढायची. मग सहा महिन्यांनी आणि वर्षानं विचारायचं, कोण कसं आहे. कोणी कोणत्या गटात जायचं हे डॉक्टरसुद्धा ठरवत नव्हते. बंद पाकिटात जे निघेल ते.

माहिती वाचून दाखवायचा कार्यक्रम सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर झाला. रामीबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून धम्मदीपानं चारही पानं मोठ्यानं वाचली. लखमा शेजारी होता. ऐकायला टोळीचा मुकादम भाऊसिंग येऊन बसला, आणखी दोन म्हातारे आले. शेवटच्या पानावर एक चौकट होती. पायातली ताकद गेली, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, तर एक दिवसही न थांबता मोठ्या दवाखान्यात जा. धम्मदीपानं पायाचं वाचलं आणि डोळे वर केले. भाऊसिंग तिच्याकडेच पाहत होता. रामीबाईनं पदर पुढे ओढला होता. पुढचं तिला त्या पुरुषांसमोर वाचवेना. "असं काही वाटलं तर दवाखान्यात जा," एवढं म्हणून तिनं पान उलटलं. बाकीचं नंतर बायकांतच सांगू, असं तिनं ठरवलं. रामीबाईनं अंगठा दिला, साक्षीदार म्हणून नितानं सही केली. पाकीट उघडलं तर व्यायामाचा गट निघाला.

आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन वाजता, शाळेच्या रिकाम्या खोलीत सहा बाया सतरंजीवर आडव्या व्हायच्या. पहिल्या दिवशी हसण्यातच अर्धा तास गेला. गुडघे छातीशी घ्यायचे म्हणजे लुगडं कसं सावरायचं, यावरच सगळ्या अडल्या. धम्मदीपानं दाराला आतून कडी लावली, खिडकीवर आपली ओढणी टांगली, आणि मग काम सुरू झालं.

पुण्याहून शिकवायला आलेल्यांनी तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. या माणसांना कमरेपेक्षा भीतीनंच जास्त जखडलेलं असतं. मणका झिजला, नस दबली, गादी सरकली, असं ऐकून ऐकून ती हलायलाच भितात, आणि न हललेली कंबर आणखी दुखते. तेव्हा त्यांना घाबरवणारं काही बोलायचं नाही. धम्मदीपाला ते पटलं होतं, कारण ते खरं होतं. तिनं ते आपल्या बोलीत आणलं. "दुखनं म्हंजे मोडनं नाही, मावशी," ती म्हणायची. "दुखते म्हून आतमधी काही तुटून राह्यलं असं नसते. दुखलं तरी हलाचं." बाया ते शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणायला लागल्या. नंतर सांगायचं ठरवलेलं ते त्या खोलीत सांगता आलं असतं. आठ आठवडे कडी आतून लागलेली होती आणि आत एकही पुरुष नव्हता. पण रोज काही ना काही चांगलं होत गेलं आणि ते तिच्या डोक्यातून निघून गेलं.

चांगलं होत गेलं हे खोटं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात रामीबाई म्हणाली की रात्री तिला कूस बदलताना जाग आली नाही. पाचव्यात ती चुलीपुढे खाली बसली आणि घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापून उठली. निता दारात उभी राहून पाहत होती. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही एवढं, असं मोजायचं असायचं. पहिल्या दिवशी रामीबाईनं आठ सांगितलं होतं, शेवटच्या दिवशी दोन सांगितलं. तीजेच्या सणाच्या शेवटच्या दिवशी पोरी गव्हाचे अंकुर डोक्यावर घेऊन निघाल्या तेव्हा त्यांच्या मागे बायांच्या फेरात रामीबाई नाचली. धम्मदीपा मुद्दाम गेली होती. तिनं मोबाइलवर ते टिपलं आणि संशोधनाचे प्रमुख डॉक्टर ऋषिकेश यांना पुण्याला पाठवलं. त्यांनी लगेच उलट लिहिलं, यासाठीच हे सगळं करतो आपण.

कंबर बरी झाली आणि घरातलं ठरलेलं मोडलं. भाऊसिंगनं नाचताना पाहिलंच होतं. त्यानं लखमाला सांगितलं की तुमची जोडी धरतो. लखमानं बायकोला विचारलं, आणि रामीबाईनं आपणहून हो म्हटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या अंगाचा भरवसा वाटत होता. धम्मदीपाला थोडी धाकधूक वाटली. फोनवर तिनं डॉक्टरांना विचारलं की इतकं जड काम चालेल का. ते म्हणाले, कामावर परत जाणं हेच तर आपण यश मानतो; आणि आता उपचाराचा काळ संपला आहे, सहा महिन्यांपर्यंत आपण मधे बोलायचं नाही, नाहीतर मोजणी बिघडेल. तेही बरोबरच होतं. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला, आणि सामानाच्या वर बसून रामीबाई गेली.

जानेवारीत धम्मदीपानं सहा महिन्यांचे फोन केले. त्या दिवशी तिच्या यादीत तेवीस नावं होती. रामीबाईनं दुपारी फोन उचलला. मागे ट्रॅक्टर चालू होता, माणसं ओरडत होती. प्रश्न ठरलेले होते, तेच आणि तसेच विचारायचे.

कामावर जाता का? जाते. गेल्या चार आठवड्यांत कमरेमुळे किती दिवस काम बुडलं? एकही नाही. दुखणं किती? रामीबाई थांबली, मग म्हणाली सहा, तीन-चार दिवसांपासून वाढलं आहे. मग तिनं आवाज खाली आणला.

"एक सांगाचं होतं, ताई. पन इथं मानसं हायेत."

"संध्याकाळी करू का फोन?"

"कर."

संध्याकाळी धम्मदीपानं फोन केला तर तो बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी केला, तेव्हाही बंद होता. उसाच्या फडात चार्जिंग मिळत नाही हे तिला माहीत होतं. फॉर्ममध्ये तिनं लिहिलं: कामावर परत, बुडालेले दिवस शून्य. त्यानंतरचे दोन दिवस ती कारंज्याकडच्या गावांत होती, आणि फोन करायचा राहिला.

सहाव्या दिवशी लखमाचा फोन आला. तो तिकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून बोलत होता. रामीबाईच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. तो घाईत, तुटक बोलला, पण धम्मदीपाला एकेक दिवस जुळवता आला. रामीबाईला बसण्याच्या जागी काही कळेनासं झालं होतं, त्यानंतर लघवी अडली. तिनं पहिले दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी लखमाला सांगितलं, तोवर पाय ओढत होता. भाऊसिंग म्हणाला, ही ट्रॉली भरून जाऊ द्या, मग गाडी देतो. चौथ्या दिवशी ती फळीवर बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं की गादी फुटून खालच्या सगळ्या नसा दाबल्या गेल्या होत्या. पहिल्या दिवशी आणली असती तर पाय वाचवता आले असते.

"मी तिले म्हनलं, आधी काहून नाही बोलली," लखमा म्हणाला. "थे म्हने, ताईनं सांगतलं हाय, दुखनं म्हंजे मोडनं नाही. मले वाटलं हेबी जाईन."

धम्मदीपा तेव्हा शेलूबाजारच्या स्टँडवर उभी होती. फोन ठेवल्यावर ती तिथल्या बाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांसमोरून दोन जीप भरून निघून गेल्या. तिला ते चौथं पान आठवलं, अक्षर न अक्षर.

त्याच दिवशी तिनं डॉक्टर ऋषिकेशांना सगळं सांगितलं. वाचताना काय गाळलं, का गाळलं, नंतर सांगायचं कसं राहिलं, आणि फोनवर रामीबाई काय म्हणाली होती. त्यांनी तारखा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाले, जसं झालं तसंच लिही, मी संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे ठेवतो. त्यांनी ते खरोखर ठेवलं. माणूस लपवणारा नव्हता. समितीनं महिनाभरानं उत्तर दिलं. घटना गंभीर आहे. ती व्यायामामुळे झालेली नाही. माहिती देण्यात त्रुटी राहिली. पुढे ती चौकट प्रत्येकाला एकांतात वाचून दाखवावी. धम्मदीपाला नोकरीवरून काढलं नाही. एक दिवसाचं प्रशिक्षण पुन्हा घ्यायला लावलं. आपल्याला काढून टाकतील अशी तिला भीती होती, आणि काढलं नाही तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं नाही.

मार्चमध्ये रामीबाईला जीपमधून आणलं. मुलगा राजपाल पुण्याला एका गोदामात कामाला होता, तो सुट्टी काढून आला होता. त्यानं आणि लखमानं तिला उचलून ओसरीवरच्या खाटेवर ठेवलं. कमरेखाली ती नव्हतीच. पाय जिथं ठेवले तिथं राहत. लघवीसाठी दिवसातून चार वेळा नळी घालावी लागे. दवाखान्यात ते नर्स करत होती, इथं कोण करणार हा प्रश्न होता. धम्मदीपानं नितालाही शिकवलं आणि लखमालाही. नळी उकळायची, हात साबणानं धुवायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची. लखमाची बोटं उसाच्या पात्यांनी चिरलेली होती. पहिल्या दिवशी तो अर्ध्यातून उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून तो पूर्ण करायला लागला. तो ते करत असताना रामीबाई पदरानं तोंड झाकून घ्यायची आणि संपेपर्यंत काढायची नाही.

धम्मदीपा दर रविवारी स्वतःच्या गाडीवर येत राहिली. तिनं रामीबाईला अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगता आलं, समितीला लिहून देता आलं, पण त्या खाटेशी आलं की तिची जीभ वळत नसे. ती पाय हलवून द्यायची, पाठीला तेल लावायची, जखम होत नाही ना ते बघायची. रामीबाई कमी बोलायची. तांड्यातल्या बाया सुरुवातीला येऊन बसत. मग सोयाबीनची पेरणी लागली आणि त्या येईनाशा झाल्या.

जुलैत वर्ष भरलं. वर्षाचा फॉर्म भरायलाच हवा होता. धम्मदीपानं तो दुसऱ्या कोणाला करायला सांगितला असता, पण ती स्वतःच गेली. ओसरीवर रामीबाई एकटी होती. प्रश्न तेच होते. कामावर जाता का, याचं उत्तर तिनं विचारलंच नाही, स्वतः भरलं. मग शेवटचा राहिला.

"मावशी, कंबर दुखते का? शून्य ते धा मधी किती?"

रामीबाईनं विचार केला. कोणीतरी खरंखुरं विचारलं तर खरं उत्तर द्यावं, तसं तिनं दिलं.

"नाही दुखत. शून्य ल्ही."

धम्मदीपाचा पेन थांबला. तिला वाटलं रामीबाई टोमणा मारते आहे, पण तसं नव्हतं. ऑपरेशननंतर दुखणं खरंच गेलं होतं. त्या तीनशे माणसांत शून्य सांगणारं आजवर तिला एकही भेटलं नव्हतं. तिनं शून्य लिहिलं, कारण तेच उत्तर होतं, आणि मग तिला राहवलं नाही. तिनं कागद खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ओट्यावर काय वाचलं आणि काय सोडलं. भाऊसिंग होता, म्हातारे होते, लाज वाटली. नंतर सांगणार होते आणि विसरले. ते सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाण्याचा हट्ट धरला असतास. बोलता बोलता ती रडायला लागली.

तिला काय हवं होतं कोण जाणे. रामीबाईनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, आणि जाऊ दे म्हणावं असंही वाटत होतं. रामीबाईनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती वर आढ्याकडे पाहत राहिली.

"सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"मलेबी लाजच आली. त्या दिवशी फोनवर." मग ती म्हणाली, "मी घाबरट होती, थे बरं होतं. तुनं माही भीती काढून टाकली."

धम्मदीपानं तिची कूस बदलून दिली आणि ती निघाली.

सप्टेंबरात वाशीमला एका हॉटेलच्या हॉलमध्ये संशोधनाची बैठक झाली. पडद्यावर आकडे आले. व्यायामाच्या गटात सहा महिन्यांनी दुखणं निम्म्यावर आलं होतं. गोळ्यांच्या गटात फारसा फरक नव्हता. कामावर परतलेल्यांचं प्रमाण तर खूपच जास्त होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदीपानं हात वर केला आणि विचारलं की रामीबाई कोणत्या रांगेत आहे. डॉक्टर ऋषिकेशांनी तिच्याकडे पाहिलं, नजर चुकवली नाही. ते म्हणाले की सहा महिन्यांच्या दिवशी ती कामावर होती, त्यामुळे ती परतलेल्यांत आहे. नंतरची घटना अहवालात वेगळी नोंदवली आहे. आणि एका माणसानं सरासरी हलत नाही. हे सगळं खरं होतं. रामीबाईबरोबरच्या त्या पाचजणी आजही बऱ्या होत्या, त्यातली एक तर धम्मदीपाला रस्त्यात थांबवून आशीर्वाद द्यायची. उपचार लागू पडत होता. धम्मदीपा खाली बसली. जेवणात पुरणपोळी होती, ती तिनं घेतली नाही.

दिवाळीच्या आधी राजपालचं गोदाम बंद पडलं आणि तो घरी आला. भाऊसिंगला टोळीत एक जोडी कमी पडत होती. राजपाल आणि निता जायचं ठरलं. धम्मदीपानं नितासमोर, राजपालसमोर, लखमा आणि भाऊसिंगसमोर, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता ती चौकट वाचली. भाऊसिंग मान खाली घालून ऐकत होता. निता म्हणाली, समजलं. मग तिनं विचारलं, "पन फडात दवाखाना कुठं हाय, ताई?" राजपालनं तिच्याकडे पाहिलं आणि भाऊसिंग ट्रॅक्टर कधी येणार ते सांगून उठला.

ते गेल्यावर घरात दोघंच राहिले. लखमा सकाळी स्वैपाक करायचा, नळी उकळायचा, कपडे धुवायचा आणि ओसरीच्या आसपासच राहायचा. त्याला आता कुठंच कामाला जाता येत नव्हतं. पौषात थंडी वाढली आणि रामीबाईच्या माकडहाडावर जखम झाली. धम्मदीपानं पाहिलं तेव्हा ती रुपयाएवढी होती, पुढच्या रविवारी तळहाताएवढी. रामीबाईला ती दुखत नव्हती म्हणून तिनं सांगितली नव्हती. रुग्णवाहिका बोलावून वाशीमला नेलं. तिथं जखम साफ करून पाच दिवसांनी परत पाठवलं. म्हणाले, घरी नीट काळजी घ्या.

माघातल्या एका रविवारी धम्मदीपा गेली तर लखमा दारातच उभा होता. त्यानं तिला आत बोलावलं नाही. तिनं विचारलं, कशी आहे. तो म्हणाला, झोपली आहे, काल रात्रभर ताप होता. मग त्यानं तिच्या हातातली औषधाची पिशवी घेतली.

"थे म्हनते, तुमाले येऊ नका सांग," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमी आल्या की दिवसभर थे बोलतच नाही. अन् मले तिच्याशिवाय बोलाले कोन हाय?"

धम्मदीपानं मान हलवली. आतून रामीबाईच्या खोकल्याचा आवाज आला, म्हणजे ती जागी होती. लखमा लगेच आत वळला. धम्मदीपा थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग गाडी न सुरू करता ढकलत तांड्याच्या बाहेरपर्यंत गेली, रामीबाईला गाडी जाताना ऐकू येऊ नये म्हणून.